रिसेप्टर मोजले, पण सवय कुठं दिसेना

राजारामपुरीतून एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या एका विद्यार्थिनीनं एका दमात चार गोष्टी विचारल्या आहेत. नोट्समध्ये लिहिलंय की रोज मॉर्फिन दिलं की मेंदूतले ओपिऑइड रिसेप्टर (अफूजातीची औषधं जिथं बसतात ती पेशीवरची प्रथिनं) कमी होतात आणि म्हणून डोस वाढवावा लागतो. पण वाचलेल्या प्रयोगांत संख्या फारशी घटलेली दिसत नाही, मग खरं काय? हे रिसेप्टर गर्भात कधी येतात? बकऱ्याच्या भेज्यावर ते मोजता येतील का? आणि शेवटी घरचा प्रश्न: आजी म्हणते, पूर्वी रडक्या बाळाला अफू चाटवायचे, काही होत नव्हतं, आणि भाऊ तालमीत रोज खसखस घातलेली थंडाई पितो, त्याचं काय?

नोट्समधलं वाक्य काही औषधांपुरतं खरं आहे, पण नेमकं मॉर्फिनपुरतं ते लागू पडत नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी रिसेप्टर समोर ठेवू. मुख्य तीन, म्यू, डेल्टा आणि कॅपा. चौथा नोसिसेप्टिनचा, जो त्याच घराण्यातला असूनही नॅलोक्सोनला, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम तोडणाऱ्या औषधाला, दाद देत नाही. माणसाच्या म्यू रिसेप्टरची मुख्य साखळी ४०० अमिनो आम्लांची आहे. ती पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. बाहेरच्या टोकावर साखरेच्या साखळ्या लोंबतात आणि आतल्या शेपटीवर सेरीन व थ्रिओनीन ओळीनं बसलेले असतात. या शेपटीकडे लक्ष ठेवा. बाहेर एन्केफॅलिन (शरीराचं स्वतःचं ओपिऑइड) किंवा मॉर्फिन बसलं की आत जीआय किंवा जीओ जातीचं जी-प्रथिन सुटतं आणि तीन कामं होतात. अॅडेनिलिल सायक्लेज मंदावतं, म्हणून त्यानं बनणारं सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) घटतं. चेतातंतूच्या टोकाचे एन जातीचे कॅल्शियम चॅनेल आवळले जातात, त्यामुळे पुढच्या पेशीकडे जाणारा संदेश कमी होतो. आणि गर्क नावाचे पोटॅशियम चॅनेल उघडतात, त्यामुळे पेशी चटकन पेटत नाही. शेवटची दोन कामं जी-प्रथिनाचा बीटा-गॅमा भाग पटलातल्या पटलात थेट उरकतो. गोळीनं दुखणं थांबतं ते बहुतांशी या दोघांमुळे; सायक्लिक एएमपीचा खरा हिशेब नंतर, सवय लागताना होतो.

रिसेप्टर असतो हे १९७३ साली तीन प्रयोगशाळांनी वेगवेगळं दाखवलं: बाल्टिमोरला पर्ट आणि स्नायडर, न्यूयॉर्कला सायमन, उप्सालाला टेरेनियस. दोन वर्षांनी ॲबर्डीनच्या ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं काढलं. डेल्टाचं जनुक १९९२ मध्ये हाती आलं, म्यू आणि कॅपाचं १९९३ मध्ये. १९९६ साली म्यूचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर मॉर्फिनचा वेदनाशामक परिणाम, त्याची चटक आणि नंतरचा त्रास, तिन्ही नाहीसे झाले. म्हणून यापुढे नुसतं रिसेप्टर म्हटलं की म्यू समजा.

आता नियमन. हे एकाच वेळी तीन वेगवेगळ्या घड्याळांवर चालतं, आणि नोट्समध्ये तिन्ही एकत्र कालवलेली असतात.

पहिलं घड्याळ सेकंद-मिनिटांचं, त्या शेपटीवरचं. रिसेप्टर कामाला लागला की जीआरके नावाची कायनेज एन्झाइमं शेपटीवर फॉस्फेट चिकटवतात. उंदराच्या म्यू रिसेप्टरमध्ये सगळ्यात आधी ३७५ क्रमांकाच्या सेरीनवर, मग शेजारच्या ३७०, ३७६ आणि ३७९ क्रमांकांच्या थ्रिओनीनवर. हा क्रम ठरलेला आहे. डॅमगो (प्रयोगशाळेत वापरलं जाणारं, म्यूवर बसणारं पेप्टाइड) किंवा फेंटॅनिलसारखं जोरकस औषध असेल तर जीआरके २ आणि ३ पूर्ण ओळ भरतात. मग बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन शेपटीला बिलगतं, जी-प्रथिनाची वाट अडते, आणि क्लॅथ्रिन प्रथिनाचं अस्तर असलेल्या पटलावरच्या खड्ड्यातून रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. मॉर्फिन बसलं असेल तर मुख्यतः ३७५ वरच फॉस्फेट लागतं, अरेस्टिन नीट बिलगत नाही आणि रिसेप्टर बराचसा पटलावरच राहतो. तुम्ही वाचलेल्या प्रयोगांत संख्या घटली नाही ती यामुळे. नोट्समधलं वाक्य एटॉर्फिन, फेंटॅनिल अशा औषधांवरून उचलून मॉर्फिनच्या माथी मारलेलं दिसतं.

आत गेलेला रिसेप्टर मेला असंही नव्हे. म्यू आत जाऊन फॉस्फेट उतरवून घेतो आणि बहुतेक वेळा पुन्हा पटलावर हजर होतो. डेल्टाची गत वेगळी. तो आत गेला की सहसा लायसोसोममध्ये, पेशीच्या पचनपिशवीत, जाऊन पचतो. एकाच घराण्यातले दोघे, पण परतीची चिठ्ठी एकाकडेच. परीक्षेत ‘ओपिऑइड रिसेप्टरचं इंटर्नलायझेशन’ असं सरसकट विचारतात तेव्हा कोणता रिसेप्टर आणि कोणतं औषध हे लिहिल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही.

दुसरं घड्याळ तास-दिवसांचं, आणि सवयीचं खरं मूळ बहुतांशी इथं आहे. १९७५ साली शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी एनजी १०८-१५ या संकरित पेशींना मॉर्फिनमध्ये ठेवलं. सुरुवातीला सायक्लिक एएमपी पडलं. पुढे मॉर्फिन तसंच असताना ते हळूहळू मूळ पातळीवर आलं. मॉर्फिन काढल्यावर मात्र ते मूळ पातळीच्याही वर उसळलं. (गंमत म्हणजे या पेशींत म्यू नसतोच, डेल्टा असतो, मूळ कल्पना तरी टिकली.)

कोल्हापूरच्या माणसाला हे बंधाऱ्यावरून चटकन कळेल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घातले की खालचं पाणी आटतं, वरचं चढत जातं, आणि काही काळानं बरग्यांवरून सांडू लागतं. खाली पाहणाऱ्याला वाटतं नदी नेहमीसारखीच वाहतेय. मॉर्फिन म्हणजे हे बरगे, वरून सांडणारं पाणी म्हणजे टॉलरन्स (तोच डोस कमी पडू लागणं). सगळे बरगे एकदम उपसले की खाली लोंढा येतो, तो विथड्रॉवल (औषध तुटल्यावरचा त्रास). उपमा एका जागी तोकडी पडते: पेशीत पाणी तुंबून राहत नाही, तर वरच्या अंगाला नवे झरे फुटतात. सायक्लेजचे काही प्रकार, विशेषतः १ आणि ८ क्रमांकाचे, जास्त जोमानं काम करू लागतात, प्रोटीन कायनेज ए वाढतं, क्रेब नावाचं प्रथिन जनुकांना जागं करतं. म्हणून बरगे पुन्हा घातले तरी ते झरे लगेच आटत नाहीत.

मेंदूच्या बुंध्यातलं लोकस सिरुलियस हे नॉरअॅड्रेनालिनचं ठाणं या बदलासाठी सगळ्यात जास्त अभ्यासलं गेलंय. तिथल्या पेशी मॉर्फिनखाली दबलेल्या असतात. औषध तुटलं की भडाभडा पेटतात. जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, घाम, धडधड, जुलाब यांतली बरीच लक्षणं या नॉरअॅड्रेनालिनच्या उसळीची. क्लोनिडिन इथं का चालतं हे त्यावरून कळतं: त्याचा अल्फा-२ रिसेप्टर त्याच पेशींवर आहे आणि तेच पोटॅशियम चॅनेल उघडतो. दार तेच, किल्ली दुसरी. म्हणून ०.१ मिलिग्रॅमच्या गोळीनं घाम आणि धडधड उतरते; तलफ, झोपेची बोंब आणि अंगदुखी मात्र बरीचशी तशीच राहते, कारण त्यांचा उगम इतर ठिकाणी आहे. प्रत्येक डोसआधी रक्तदाब बघायचा, ९०/६० च्या खाली असेल तर गोळी थांबवायची.

तिसरं घड्याळ दिवस-आठवड्यांचं, आणि इथं संख्या खरंच बदलते, पण तुमच्या नोट्सच्या उलट दिशेनं. नॅलट्रेक्सोनसारखा रोधक (रिसेप्टर अडवून ठेवणारं औषध) प्राण्यांना आठवडाभर सलग दिला की रिसेप्टरांची संख्या चांगलीच वाढते आणि नंतर मॉर्फिन नेहमीपेक्षा जास्त चढतं. माणसांत याचा धोका असा: नॅलट्रेक्सोन घेणाऱ्यानं ते मध्येच सोडलं आणि जुन्या मापानं नशा केली, तर श्वास बंद पडू शकतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले काही दिवस याच कारणासाठी सगळ्यात जोखमीचे; रोधक घेतला नसला तरी, टॉलरन्स ओसरलेला असतो आणि हाताला माप जुनंच आठवत असतं.

टॉलरन्स सगळीकडे सारखा येतही नाही. वेदनाशमन आणि सुखाची लहर लवकर बोथट होते, श्वास दाबण्याचा परिणाम त्यामागून सावकाश, बद्धकोष्ठता जवळजवळ कधीच नाही, बारीक झालेली बाहुलीही फारशी मोठी होत नाही. तेच रिसेप्टर, तेच मॉर्फिन. फरक पडतो तो त्या-त्या पेशीत रिसेप्टर कशाला जोडलाय आणि किती रिसेप्टर राखीव आहेत यानं. कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन सुरू करताना रेचक त्याच दिवशी का लिहायचं, याचं उत्तर या ओळीत आहे.

जोडणीचं महत्त्व बुप्रेनॉर्फिन या व्यसनमुक्तीच्या औषधात आणखी उघड दिसतं. ते म्यूला घट्ट धरतं, सुटायला वेळ घेतं, पण जी-प्रथिन अर्धवटच चालवतं. पेट स्कॅनच्या अभ्यासांत जिभेखालच्या २ मिलिग्रॅमनं सुमारे ४० टक्के रिसेप्टर व्यापलेले दिसले, १६ मिलिग्रॅमनं सुमारे ८० टक्के. ३२ मिलिग्रॅमला त्यात थोडीच भर पडली. आता चूक कुठं होते ते बघा. हेरॉइन अजून रिसेप्टरवर बसलेलं असताना बुप्रेनॉर्फिन दिलं तर ते त्याला हुसकावून जागा घेतं आणि काम निम्मंच करतं. रुग्णाला अर्ध्या तासात जोरदार विथड्रॉवल येतो आणि ‘गोळीनंच मला मारलं’ म्हणून तो परत येत नाही. हेरॉइननंतर निदान १२ ते २४ तास थांबायचं, जास्त टिकणाऱ्या मेथाडोननंतर त्याहून बरंच जास्त, आणि घड्याळापेक्षा जांभया, काटा आणि मोठी झालेली बाहुली बघून २ मिलिग्रॅमनं सुरुवात करायची.

नॅलोक्सोनचंही तसंच. श्वास बंद पडलेल्याला ०.४ मिलिग्रॅमची कुपी वाचवते. सवयीच्या रुग्णाला तीच अख्खी कुपी एकदम दिली तर सगळे बरगे एका झटक्यात निघतात. अशा वेळी कुपी सलाइनमध्ये १० मिलिलिटरपर्यंत पातळ करून दर मिलिलिटरला ०.०४ मिलिग्रॅम असं एकेक देत श्वास परत येईपर्यंतच जायचं; शुद्धीवर येऊन तो बोलायला हवा असा हट्ट नको. आणि नॅलोक्सोनचं अर्धायुष्य तास-दीड तासाचं, मॉर्फिन, मेथाडोनचा परिणाम त्याहून लांब. रुग्ण उठून बसला म्हणून घरी सोडायचा नसतो.

आता गर्भातली वाटचाल. रॅटमध्ये गर्भकाळ २१-२२ दिवसांचा. म्यू आणि कॅपाचं बाइंडिंग (खुणेचं औषध चिकटणं, म्हणजे रिसेप्टरची हजेरी) गर्भातच, साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतं, डेल्टा मागून येतो आणि त्याची खरी वाढ जन्मानंतर होते. रॅटचं पिल्लू आपल्या बाळाच्या मानानं बरंच अपुऱ्या मेंदूनं जन्मतं, त्यामुळे दिवसांचा सरळ गुणाकार करून माणसाचा काळ काढू नका. क्रम तेवढा घ्यावा. माणसाच्या गर्भातही अर्ध्या वाटेवरच हे रिसेप्टर हजर असतात.

जन्मानंतर संख्या सरळ चढत जाते असं वाटेल, पण पाठीच्या कण्यात तसं होत नाही. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात तिथलं म्यू बाइंडिंग प्रौढापेक्षा जास्त असतं आणि मागच्या शिंगात (वेदनेचा संदेश घेणाऱ्या भागात) पसरलेलं असतं. नंतर ते कमी होत वरच्या थरांत गोळा होतं. शिवाय वेदनेशी संबंध नसलेल्या, स्पर्शाच्या जाड तंतूंच्या पेशींवरही सुरुवातीला म्यू असतो आणि काही आठवड्यांत तिथून तो जातो. म्हणजे विकासाचं मोठं काम नवे रिसेप्टर लावण्याचं नाही, नको तिथले काढण्याचं आहे. वाढत्या मेंदूत ओपिऑइड पेशींच्या विभाजनावर लगामही ठेवतात. पिल्लांना दिवसभर टिकेल इतक्या मात्रेनं नॅलट्रेक्सोन दिलं तेव्हा मेंदूचं वजन वाढलं.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर इथं येतं. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळगोळी देत, हे खरं. ‘काही होत नव्हतं’ हे खरं नाही. नवजात बाळात श्वासाचं केंद्र म्यूच्या दाबाला लवकर बळी पडतं, आणि मॉर्फिनला ग्लुकुरोनाइड जोडून बाहेर काढणारं यकृताचं एन्झाइम अजून अर्धवट असतं. मॉर्फिनचं अर्धायुष्य अपुऱ्या दिवसांच्या बाळात सुमारे ९ तास, पूर्ण दिवसांच्या बाळात साडेसहा, मोठ्या मुलात २ तास. दर सहा तासांनी चाटण दिलं तर मोठ्या मुलात आधीचं जवळपास संपलेलं असतं. नवजातात निम्म्याहून जास्त शिल्लक असतं आणि त्यावर नवीन चढतं. बाळ ‘गाढ झोपलं’ असं घरच्यांना वाटतं. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग उगाळलेली आपली बाळगुटी ही वेगळी गोष्ट, तिच्यात अफू नसते. नावांच्या सारखेपणानं गोंधळ होऊ देऊ नका. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही बारा वर्षांखालच्या मुलाला नको, कारण काही मुलांत कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्यानं होतं.

गरोदरपणी आई ओपिऑइडवर असेल तर तो बंधारा बाळाच्या मेंदूतही बांधला जातो आणि नाळ कापली की बरगे निघतात. हेरॉइनसारख्या कमी टिकणाऱ्या औषधात पहिल्या दिवसभरातच, मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कर्कश रडणं, थरथर, शिंका, जुलाब सुरू होतात. अशा बाळाला जन्मताच नॅलोक्सोन देऊ नये, झटके येऊ शकतात. श्वास पिशवी-मास्कनं द्यावा.

आता भेज्याचं बाइंडिंग. बकऱ्याच्या मेंदूवर होतं. मटण मार्केटातून सकाळी ताजा भेजा थेट बर्फात घ्यायचा. दुकानात धुऊन उन्हात ठेवलेला चालत नाही. मेंदूचा पुढचा भाग आणि थॅलॅमस घ्या, लहान मेंदू बाजूला ठेवा. रॅटच्या लहान मेंदूत म्यू जवळजवळ नसतो, तर गिनीपिगच्या लहान मेंदूत मुख्यतः कॅपा असतो. म्हणून प्राणी बदलला की ‘निगेटिव्ह कंट्रोल’ आपोआप तोच राहत नाही.

५० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ७.४. ट्रिसचा पीएच थंडीत चढतो, २५ अंशांना ७.४ केलेला ४ अंशांना ८ च्या आसपास जातो. ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला जुळवा. एका ग्रॅमला ३०-४० मिलिलिटर बफर घेऊन टेफ्लॉन-काचेच्या होमोजनायझरमध्ये घोटा, ४०,००० जी वर १५ मिनिटं फिरवा, गाळ पुन्हा बफरमध्ये कालवून ३७ अंशांना अर्धा तास ठेवा, पुन्हा फिरवा. हा ३७ अंशांचा टप्पा वेळ वाचवायला गाळतात आणि मग बाइंडिंग कमी का येतं म्हणून डोकं धरतात. मेंदूचं स्वतःचं एन्केफॅलिन त्याच वेळी रिसेप्टर सोडून जात असतं.

एक मिलिलिटरच्या नळीत ०.२ मिलिग्रॅम प्रथिन आणि १ नॅनोमोलर ट्रिटियम-डॅमगो (किरणोत्सारी हायड्रोजननं खूण केलेलं), २५ अंशांना एक तास. जोडीच्या नळीत १० मायक्रोमोलर नॅलोक्सोन, ते निरर्थक चिकटणं मोजायला. अपेक्षा किती ठेवायची? प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे १०० फेम्टोमोल रिसेप्टर धरले तर नळीत २० झाले. १ नॅनोमोलरला त्यांतले साधारण निम्मे भरतात, म्हणजे १०. ट्रिटियमची तीव्रता मिलिमोलला ५० क्युरी असेल तर एका फेम्टोमोलचे मिनिटाला सुमारे १११ विघटन, म्हणजे एकूण हजार-अकराशे. काउंटर त्यातले निम्मे-पाऊणच पकडेल. चार आकडी काउंट दिसले नाहीत म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. फसतो तो गाळताना. जीएफ/बी फिल्टर आधी पॉलिएथिलीनइमाइनमध्ये भिजवा, बर्फगार बफरनं ४ मिलिलिटरचे तीन फेरे, सगळं दहा-पंधरा सेकंदांत. रेंगाळलात तर डॅमगो रिसेप्टर सोडून वाहून जातं.

आणि बफरमध्ये सवयीनं मीठ टाकू नका. सोडियम रिसेप्टरच्या पोटात एका अॅस्पार्टेटजवळ बसतो आणि त्याला सुस्त आकारात धरून ठेवतो, त्यामुळे डॅमगोसारख्या कामकरी लिगंडची (रिसेप्टर चालवणाऱ्या रेणूची) पकड सुटते; नॅलोक्सोनला काही फरक पडत नाही. १०० मिलिमोलर मिठानं तुमचे काउंट कोसळतील. मात्र जोडणी मोजायची असेल, म्हणजे किरणोत्सारी गंधकाच्या जीटीपी-गॅमा-एसनं जी-प्रथिन किती जागं होतं ते बघायचं असेल, तर तेच १०० मिलिमोलर मीठ, थोडं मॅग्नेशियम आणि १०-३० मायक्रोमोलर जीडीपी हवंच, नाहीतर औषध न घालताच संकेत वर असतो. मॉर्फिन दिलेल्या आणि न दिलेल्या प्राण्यांत पहिल्या प्रयोगाचे आकडे जवळपास सारखे येतात, फरक दिसतो तो या दुसऱ्यात, तोही मेंदूच्या ठरावीक भागांत. विभागाकडे किरणोत्सारी पदार्थांचा परवाना नसेल तर पेशींमध्ये फॉर्स्कोलिन (सायक्लेज चेतवणारं रसायन) देऊन सायक्लिक एएमपी एलायझानं मोजा: २४ तास मॉर्फिन, मग नॅलोक्सोन, आणि उसळी. एका गटाला रात्रभर जीआय बंद पाडणारं पर्टुसिस टॉक्सिन, मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम. त्यात उसळी आली तर ती जीआयमार्गे आलेली नाही, आणि कुठंतरी गडबड आहे.

राहिली थंडाई. खसखशीच्या दाण्यात मॉर्फिन नसल्यात जमा असतं. असतं ते बोंडाच्या चिकाचं, वरून लागलेलं. पांढऱ्या रश्श्याला खसखस भिजवून, वाटून, उकळून जाते, त्यात आणखी घटतं. त्यानं रिसेप्टरांवर काही बांध पडत नाही. पण लघवीची तपासणी रिसेप्टरला विचारत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत मॉर्फिन स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे आणि लघवीत मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. थंडाईत खसखस कच्ची वाटलेली, पेला मोठा, आणि रोजचा. भावाची कुस्ती तपासणी असलेल्या स्पर्धेत असेल तर आधीचे चार दिवस बदाम आणि मगजावर भागवावं.